स्क्रू कमी केले, मग लेझर जुळला

लहान कॉलेजात शॅक-हार्टमन वेव्हफ्रंट सेन्सर, म्हणजे प्रकाशाची लाट किती सपाट किंवा वाकडी आहे हे मोजणारं यंत्र, बसवायचा विचार कोणी करत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितेय. सेन्सर कसा चालतो हे पुस्तकांत सापडतं. लेझरचा किरण त्याच्यापर्यंत सरळ कसा न्यायचा, आणि टेबलावरचं सामान एकदा हललं की तोच किरण पुन्हा त्याच जागी कसा आणायचा, हे मात्र ज्याचं त्याला शोधावं लागतं. आमचं कॉलेज सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कागदपत्रांपासून सुरू झालेलं हे काम जानेवारी २०२४ मध्ये मार्गी लागलं. मधला बहुतेक वेळ एकाच प्रश्नात गेला: हे जुळवणं, म्हणजे अलाइनमेंट, सोपं कसं करायचं?

आधी थोडक्यात यंत्राबद्दल. एका काचेवर बारीक लेन्सची जाळी असते. आमच्या जाळीत दोन शेजारच्या लेन्समधलं अंतर १५० मायक्रॉन आणि फोकल लेंग्थ सुमारे ५ मिलिमीटर. तिच्या मागे कॅमेरा. सपाट वेव्हफ्रंट (प्रकाशलहरीचा पुढचा पृष्ठभाग) आला की कॅमेऱ्यावर ठिपक्यांची सरळ चौकट दिसते. वेव्हफ्रंट जिथे वाकडा असेल तिथला ठिपका सरकतो. किती सरकला त्यावरून उतार, आणि सगळे उतार जोडून वेव्हफ्रंटचा आकार. योहानेस हार्टमनने १९०० च्या सुमारास पॉट्सडॅमच्या वेधशाळेत दुर्बिणीसमोर भोकं पाडलेला पडदा लावून हे केलं. भोकांच्या जागी लेन्स बसवण्याची युक्ती अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठात रोलंड शॅक आणि बेन प्लॅट यांनी काढली, १९७१ मध्ये.

आम्ही इंटरफेरोमीटर (दोन किरण एकमेकांत मिसळून उठणाऱ्या पट्ट्यांवरून आकार मोजणारं यंत्र) न घेता हा सेन्सर निवडला त्याला कारण आमची इमारत. जांभ्याच्या भिंती, खाली कडप्प्याचा ओटा, बाहेर एसटी वळते ती जागा. इंटरफेरोमीटरच्या पट्ट्या अशा ठिकाणी सतत थरथरतात. शॅक-हार्टमनला अशा पट्ट्या, म्हणजे व्यतिकरण, लागत नाही, त्यामुळे साध्या ओट्यावरही तो काम करतो. एमएस्सीच्या मुलांनी काचेच्या चकत्या आणि स्वस्तातल्या लेन्स किती वाकड्या आहेत हे मोजावं, एवढाच हेतू होता.

प्रस्ताव मंजूर झाला सप्टेंबरात, रक्कम तीन लाखांच्या आत. मग दरपत्रकं. नियमाप्रमाणे तीन हवीत, आणि मायक्रोलेन्सची जाळी आम्हाला हव्या त्या मापात देणारा पुरवठादार एकच सापडला. अशा वेळी उत्पादकाकडून 'ही वस्तू आम्हीच बनवतो' असं पत्र आणि विभागाकडून 'दुसरी का चालणार नाही' याचं तांत्रिक समर्थन, दोन्ही खरेदी समितीच्या बैठकीआधी फायलीत लागतात. बैठकीनंतर मागायला गेलात तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. आमची फाइल एवढ्यासाठी दिवाळीपलीकडे गेली. आणखी एक सांगते: दरपत्रक रुपयांत आणि कॉलेजपर्यंत पोच धरून मागा. डॉलरमधलं दरपत्रक स्वस्त दिसतं. बिल येईपर्यंत डॉलर वर जातो, वर वाहतूक आणि कर, आणि वाढीव रकमेसाठी पुन्हा मंजुरी. पुरवठादाराला आगाऊ पैसे हवे असतात, कॉलेज आगाऊ देत नाही. हे भांडण ऑर्डर देण्याआधी मिटवलेलं बरं.

लेझर आमच्याकडे होता: विवर्तनाच्या प्रात्यक्षिकासाठी घेतलेली २ मिलिवॅटची हीलियम-निऑनची नळी, ६३२.८ नॅनोमीटरची. आमच्या भागात हीलियमला जरा जास्तच मान आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी त्यांचा संबंध जोडतात. हीलियम इथेच सापडला असं मुलं छातीठोकपणे सांगतात. हीलियमच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता आणि त्याने सूर्याच्या वर्णपटातली हीलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच पाहिली, हे सांगितलं की वर्ग नाराज होतो.

म्हणजे विकत घ्यायचं होतं ते एवढंच, तेव्हाच्या दराने: कॅमेरा पस्तीस हजारांच्या आसपास, जाळी पन्नास हजारांच्या आसपास, सामान स्क्रूने बसवायची भोकांची अॅल्युमिनियमची पाटी, लेन्स, आरसे, दोन आयरिस (भोक लहानमोठं करता येणारे पडदे), आणि आरसे धरणारे स्क्रूवाले माउंट. माउंटवर कंजुषी करू नका. आरसा थोडा साधा चालेल. स्क्रू सोडल्यावर जागा बदलणारा माउंट सगळी दुपार खातो.

सामान फेब्रुवारी २०२३ पर्यंत तुकड्यातुकड्याने आलं. प्रत्येक खोका उघडताना फोटो काढले, कारण साठा नोंदवहीत काय उपभोग्य आणि काय जडवस्तू यावर लेखा विभागाशी पत्रव्यवहार होणारच होता. झाला. फिल्टर आणि पिनहोल उपभोग्य, लेन्स जडवस्तू, असं शेवटी ठरलं.

आता मुख्य भाग. पहिली मांडणी पुस्तकाप्रमाणे होती. लेझर, दोन आरसे, किरण गाळून मोठा करण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची १० पट भिंग-नळी (ऑब्जेक्टिव्ह) आणि २५ मायक्रॉनचं पिनहोल, म्हणजे बारीक भोक, मग २०० मिलिमीटर फोकल लेंग्थची लेन्स. किरण सुमारे १० मिलिमीटर रुंद होऊन समांतर निघतो. त्यापुढे तपासायची काच, मग २०० आणि १०० मिलिमीटरच्या लेन्सची जोडी, जी किरण निम्मा करून सेन्सरवर सोडते. ५ मिलिमीटरच्या किरणात साधारण ३३ लेन्स आडव्या बसतात. किरण निम्मा केला की उतार दुप्पट होतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर काच दुप्पट वाकडी निघते.

या मांडणीत फिरवता येणारे स्क्रू मोजले तर डोकं गरगरतं. प्रत्येक आरशाला दोन, ऑब्जेक्टिव्हला तीन, पिनहोलला दोन, प्रत्येक लेन्सची उंची, बाजू, तिरकेपणा आणि अंतर, शिवाय सेन्सरचे. एक फिरवला की बाकीच्यांचं बिघडतं. त्यात आमचा ओटा सामाईक. बीएस्सीची प्रात्यक्षिकं आली की पाटी उचलून कपाटात आणि परत आणली की पहिल्यापासून. आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, संध्याकाळी कुलूप लावायला यायचे आणि दारातूनच विचारायचे, "मॅडम, अजून जुळला नाय?" मार्च-एप्रिलमध्ये मला त्या प्रश्नाचा खरंच राग येऊ लागला होता.

तरी जुळवण्याचा क्रम त्याच काळात पक्का झाला, आणि तो आजही बदललेला नाही. पहिली गोष्ट उंची. संपूर्ण मांडणीसाठी किरणाची एकच उंची ठरवा. आम्ही १०० मिलिमीटर ठरवली. कुडाळच्या एमआयडीसीत लेथवाल्या मिस्त्रींकडून पोलादाची एक उभी पट्टी करून घेतली, खाली जड बैठक, बरोबर १०० मिलिमीटरवर १ मिलिमीटरचं भोक. ही पट्टी लेझरजवळ ठेवायची, मग पाटीच्या दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे किरण भोकातून गेला की तो पाटीला समांतर आहे. दीडशे रुपयांच्या त्या पट्टीइतकं उपयोगी दुसरं काहीच आम्ही घेतलं नाही.

मग दोन आरसे आणि दोन आयरिस. पहिल्या आरशाने किरण जवळच्या आयरिसच्या मध्यावर आणायचा, दुसऱ्याने दूरच्या. पहिला फिरवून दूरचं पाहायचं नाही, दुसरा फिरवून जवळचं पाहायचं नाही. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही जुळतात. आयरिस जितक्या लांब तितकं उत्तम. त्यांच्यात ५०० मिलिमीटर अंतर असेल आणि मध्य १ मिलिमीटरने चुकला, तर कोनातली चूक २ मिलिरेडियन (१ मिलिरेडियन म्हणजे मीटरभर अंतरावर १ मिलिमीटर सरकणं).

हा आकडा महत्त्वाचा आहे. सेन्सरवर १ मिलिरेडियन कलणं म्हणजे ठिपके ५ मायक्रॉनने, म्हणजे साधारण एका पिक्सेलने सरकणं. किरण जवळजवळ ३० मिलिरेडियनने कलला तर प्रत्येक ठिपका बरोबर शेजारच्या घरात जाऊन बसतो. चौकट पुन्हा सरळ, सगळं शून्य, सॉफ्टवेअर खूश, आणि किरण मात्र पावणेदोन अंश तिरका. पडद्यावर हे ओळखू येत नाही. किरण दोन्ही आयरिसमधून गेलेला असेल तर ही शक्यताच उरत नाही, म्हणून सेन्सरकडे सगळ्यात शेवटी पाहायचं.

लेन्स घालताना एकेक घाला, आणि तिच्या काचेवरून मागे येणारा फिका ठिपका पाहा. तो आयरिसच्या भोकात परत गेला की लेन्स तिरकी नाही; पुढे गेलेला किरण जागेवरून हलला नाही की ती मध्यावर आहे. किरण समांतर झाला का हे पाहायला शिअर प्लेट वापरली: जाड, किंचित पाचरीसारखी काच, तिच्यावरच्या पट्ट्या खुणेच्या रेषेला समांतर झाल्या की काम झालं. जोडीतल्या दोन लेन्समधलं अंतर ३०० मिलिमीटर हवं. त्यात १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर किरणाच्या काठाला वेव्हफ्रंट अर्ध्या तरंगलांबीने वाकतो. आणि काच ठेवायची जागा सेन्सरवर नेमकी उमटते का हे पाहायला तिथे केस ताणून चिकटवायचा. ठिपक्यांची एक ओळ स्पष्ट मंदावली की जागा बरोबर. दोन-तीन ओळी धूसर झाल्या तर सेन्सर पुढेमागे करायचा.

सुरक्षेचं इथेच सांगते. २ मिलिवॅट म्हणजे लेझर-सुरक्षेतला ३-आर वर्ग, खेळणं नाही. अंगठ्या, घड्याळ, काचेच्या आणि सोन्याच्या बांगड्या काढून ठेवायच्या. आमच्या मुलींनी सुरुवातीला कुरकुर केली. अॅलन की खाली पडली तर आधी किरणासमोर झाकण, मग वाकायचं, कारण वाकून वर येताना डोळे बरोबर १०० मिलिमीटरच्या रेषेत येतात. आणि कॅमेऱ्यासमोर गडद फिल्टर, नाहीतर ठिपके पांढरेफट्ट होतात आणि त्यांचा मध्य काढता येत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला आणि काम थांबलंच. किनाऱ्यावरच्या दमटपणात लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती कोटिंग खाते. सगळ्या काचा चाळीस वॉटचा बल्ब लावलेल्या कपाटात गेल्या, सोबत सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तात्या तव्यावर भाजून आणायचे. साध्या लोखंडी स्क्रूंवर दोन आठवड्यांत तांबूस पूड दिसली, स्टेनलेसचे मागवले. समुद्राजवळ असाल तर पहिल्यापासून स्टेनलेसच लिहा स्पेसिफिकेशनमध्ये.

थांबलेल्या त्या दिवसांत वहीत एक यादी केली: कुठला स्क्रू खरोखर पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो? उत्तर पाहून बरं वाटलं. लेन्समधली अंतरं एकदा बसली की बदलत नाहीत. लेन्सचा मध्य बदलत नाही. बदलतो तो फक्त किरण आत शिरण्याचा कोन आणि जागा, म्हणजे दोन आरशांचे चार स्क्रू. बाकी सगळं आपण हातानेच मोकळं ठेवलं होतं.

म्हणून लेन्सची जोडी आणि सेन्सर हे ६ मिलिमीटरच्या चार दांड्यांच्या पिंजऱ्यात एकत्र बसवले. दांड्यांवरून लेन्स फक्त पुढेमागे सरकते, वरखाली किंवा आडवी जाऊ शकत नाही. अंतरं लावली, स्क्रू आवळले, आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब लावला, म्हणजे कोणी फिरवला तर तडा दिसतो. लाल रंग घ्या.

सामान उचलून परत ठेवण्याचा प्रश्न मिस्त्रींनी सोडवला. पिंजऱ्याखाली बेअरिंगच्या तीन गोळ्या बसवल्या. पाटीवर एका गोळीसाठी शंकूसारखा खड्डा, दुसरीसाठी व्ही खाच, तिसरीसाठी सपाट जागा, आणि मध्ये घट्ट धरायला चुंबक. खड्डा तीन हालचाली रोखतो, खाच दोन, सपाट जागा एक. सरकण्याच्या तीन आणि फिरण्याच्या तीन, सहाच्या सहा संपल्या, आणि एकही दोनदा रोखलेली नाही. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तिपाई कधीच नाही, तसं हे. मिस्त्रींना मी ड्रॉइंग दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, चौथा पाय विसरलात काय?" समजल्यावर मात्र खाचेचा कोन त्यांनी स्वतः सुधारून दिला. मजुरीसकट तीन हजारांच्या आत. खर्च आकस्मिक निधीतून गेला, आणि बिलावर 'प्रयोगशाळा उपकरण दुरुस्ती' असं न लिहिता 'उपकरण निर्मिती' असं लिहिल्याने एक फेरी वाढली.

दुसरा बदल प्रकाशाचा. ऑब्जेक्टिव्ह आणि पिनहोल हा सगळ्यात नाजूक भाग होता. टेबलाला धक्का लागला की प्रकाश गायब. त्याऐवजी सिंगल-मोड फायबर (प्रकाश वाहून नेणारा अतिबारीक काचतंतू) आधीच जोडलेला ६३५ नॅनोमीटरचा डायोड लेझर घेतला, चाळीस हजारांच्या आसपास. फायबरचं टोक स्वतःच पिनहोलचं काम करतं आणि त्यातून निघणारा वेव्हफ्रंट स्वच्छ गोलाकार असतो. आणखी एक फायदा वापरताना कळला. हीलियम-निऑनचा प्रकाश इतका सुसंगत की तपासायच्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून ठिपक्यांवर पट्ट्या उमटायच्या. डायोडमुळे त्या खूप कमी झाल्या. जुनी नळी आता फक्त आयरिस लावायला आणि शिअर प्लेटसाठी.

फायबरच्या टोकाने सेन्सरचं कॅलिब्रेशनही स्वस्तात होतं. सेन्सर पिंजऱ्यात जाण्याआधी ते उरकून घ्या. समोर कुठलीही लेन्स न ठेवता टोक जाळीपासून १ मीटरवर धरा. आता वेव्हफ्रंटची त्रिज्या १ मीटर आहे हे टेपने मोजलेलं सत्य. मध्यापासून अडीच मिलिमीटरवरचा ठिपका साडेबारा मायक्रॉनने बाहेर सरकायला हवा. २ मीटरवर त्याच्या निम्म्याने. नाही सरकला तर जाळी आणि कॅमेऱ्यातलं अंतर तुम्ही समजताय ते नाही. खोलीत अंधार करून हे करताना मुलांना फार मजा येते, कारण एकदाचं काहीतरी मीटरच्या टेपने मोजता येतं.

गणपतीच्या सुट्टीत एका विद्यार्थ्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत चारच आकडे: आडवं कलणं, उभं कलणं, फोकसची चूक, जाळीचं फिरणं. सगळे ठिपके एका दिशेला सरकले तर कलणं. मध्यापासून बाहेर पसरले किंवा आत आले तर फोकस. ओळीच तिरक्या दिसल्या तर जाळी कॅमेऱ्यासमोर फिरली आहे. एका दिशेने पसरले आणि काटकोनात आखडले, तर कुठलीतरी लेन्स तिरकी आहे. त्या वेळी आरशांना हात लावायचा नाही, नेलपॉलिश तपासायचं. पहिले दोन आकडे आरशांनी शून्याजवळ आणायचे, बाकीचे दोन नुसते पाहायचे. अलाइनमेंट सोपं झालं ते खरं इथे. आधी आमच्यापैकी एकालाच जमायचं, आता आकडे वाचता येणाऱ्या कोणालाही जमतं.

'शून्याजवळ' म्हणजे किती? आमच्या अनुभवात २ मिलिरेडियनच्या आत पुरतं. अगदी शून्यासाठी झटण्यात काही अर्थ नाही, कारण काच ठेवण्याआधी एक रिकामं मोजमाप घ्यायचं आणि ते वजा करायचं. यंत्राचा स्वतःचा वाकडेपणा त्यात निघून जातो. पण ते काच काढल्यानंतर पुन्हा एकदा घ्या. दोन रिकाम्या मोजमापांत फरक किती, तेवढा तुमच्या उत्तरावर भरवसा. आमच्याकडे तो फरक पंख्याने वाढायचा. पंखा चालू की ठिपके डुचमळतात, बंद की मुलं घामाने निथळतात. किरणाच्या वाटेवर पुठ्ठ्याचं झाकण केलं, आतून काळा कागद. पंखा मंद चालवता येतो आता.

नोव्हेंबरात सगळं परत जोडलं. खरी परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये झाली: प्रात्यक्षिकांसाठी पिंजरा उचलून ठेवला आणि परत आणल्यावर एमएस्सीच्या दोन मुलींनी, मी खोलीत नसताना, तो जुळवला. पूर्वी ज्यात दुपार जायची ते तात्या चहा घेऊन येईपर्यंत झालं होतं. त्यांनी पडदा पाहिला आणि विचारलं, "आज लवकर घरी जाणार काय?"

कागदाचं थोडं उरलं होतं. मार्चअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र, न वापरलेली रक्कम व्याजासकट परत, आणि लेखापरीक्षणात 'फायबर लेझर मूळ प्रस्तावात नव्हता' हा शेरा. त्याच्यासाठी बदलाची परवानगी खरेदीआधी मागितलेलं पत्र आवक क्रमांकासह जोडलं, आणि शेरा निघाला. तो आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुठलंही पत्र देऊन येऊ नका.

तीन गोळ्यांच्या बैठकीचं ड्रॉइंग आणि तो पायथनचा प्रोग्राम ज्यांना हवा त्यांना देईन, तसा निरोप ठेवा. मिस्त्रींकडे मापं लिहिलेली आहेत, नवी बैठक ते आठवड्यात करून देतात. फक्त गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात त्यांना काम सांगू नका, तेव्हा ते मखराच्या मागे असतात.